पोराला मायनस नंबर: आईबापाकडून किती आला अन् आपल्या हातात काय

"आमच्या घरात कोणालाच चष्मा नाही, मग याला लागलाच कसा?" हे जळगाव-धुळ्याकडे नेहमी ऐकू येतं, अन् ज्यांना स्वतःला चष्मा आहे ते म्हणतात जाऊ द्या, रक्तातच आहे. दोन्ही अर्धवट.

आधी घरचा हिशोब लावा. आजोबांची चाळिशी यात धरायची नाही भो, ती वयानं सगळ्यांनाच लागते. आईबापाला शाळा-कॉलेजात असताना लांबचं दिसायला चष्मा लागला होता का, एवढंच विचारा. एकाला असेल तर पोराचा धोका वाढतो, दोघांना असेल तर अजून.

पण रक्तानं सगळं ठरत नाही. सिडनी अन् सिंगापूरच्या चिनी वंशाच्या ६-७ वर्षांच्या पोरांची तुलना २००८ मधे छापून आली, दोन्हीकडे चष्मेवाले आईबाप जवळपास सारखेच, तरी मायनस नंबर सिडनीत ३.३ टक्के पोरांना अन् सिंगापुरात २९.१ टक्के! सिडनीची पोरं आठवड्याला १४ तासांच्या आसपास बाहेर असायची, सिंगापूरची फक्त ३. डोळा मागच्या बाजूला जास्त लांब वाढला की लांबचं धूसर दिसतं, तोच मायनस नंबर. बाहेरच्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं अन् ते डोळा लांब वाढू देत नाही असं मानतात. अन् एकदा लांबलेला डोळा परत आखूड होत नाही, म्हणून गाजराच्या रसानं नंबर घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तर रोज दोन तास बाहेर काढायचे. आता तुम्ही म्हणाल मे महिन्यात भुसावळला पंचेचाळीस डिग्रीत पोराला बाहेर सोडू का, तर नाही, सकाळी सात ते आठ अन् संध्याकाळी साडेपाचनंतर तासभर, झालं की. ऊन अंगावर घ्यायची गरजच नाही, लिंबाच्या सावलीत ओट्यावर बसलं तरी घरातल्या ट्यूबलाईटच्या कितीतरी पट उजेड मिळतो. वावरात जाताना सोबत न्या, क्लासला रिक्षाऐवजी पायी धाडा. पावसाळ्यात ढग असले तरी चालतं. शाळेच्या दिवसात दोन तास जमले नाहीत तर चाळीस मिनिटं तरी. चीनमधे ग्वांगझोच्या शाळांत रोज तेवढा जादा वेळ बाहेर काढला तर तीन वर्षांत नवीन नंबर ३०.४ टक्के पोरांना लागला, असा वेळ न काढलेल्या शाळांत ३९.५ टक्के.

वाचताना पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर. मोबाईल तर पोरं नाकाला टेकवतात, त्यापेक्षा टीव्हीवर लावून द्या. वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं बघायला लावा.

फळा दिसत नसेल, पोरगं डोळे बारीक करून बघत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडेच जा, थेंब टाकून तपासायला सांगा, नाहीतर नंबर जास्तीचा निघू शकतो. निघालेला चष्मा पूर्ण नंबरचाच द्या, कमी नंबरचा दिला की वाढत नाही हा गैरसमज आहे. नंबर लागून गेल्यावर नुसत्या उजेडानं फार थांबत नाही, तेव्हा भराभर वाढत असेल तर नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या, कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांचं डॉक्टरला विचारा, मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, अन् दर सहा महिन्यांनी नंबर तपासून जुन्या कागदाशी ताडून बघा.