लॅब्रॉडॉर पाळताय? आधी त्याचं तोंड समजून घ्या

आमच्या घरी तव्यावरून उतरलेली पहिली पोळी कुत्र्याची असायची. आई सकाळी एक द्यायची, आजोबा स्वतःच्या ताटातली अर्धी टेबलाखाली सरकवायचे, मुलांच्या डब्यातली उरलेली संध्याकाळी त्याच्याच पोटात जायची. जास्त कोणीच देत नव्हतं. तरी चौथ्या वर्षी आमचा पहिला लॅब्रॉडॉर ४४ किलोंचा झाला आणि आठव्या वर्षी त्याला जिना चढवेना. नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो आणि मादीचं २५ ते ३२ किलो असावं, हे आम्ही तेव्हा कोणाला विचारलंच नव्हतं. त्याचे सांधे आमच्या मायेनं गेले. दुसरं पिल्लू आणलं तेव्हा जे बदललं, ते इथे क्रमानं लिहितो आहे.

आधी थोडं या जातीबद्दल. लॅब्रॉडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राबायचे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारायची आणि जाळ्याचा दोर किंवा गळातून निसटलेला मासा तोंडात धरून आणायचा, हे त्यांचं काम. पुढे ब्रिटनमधल्या शिकाऱ्यांनी, पडलेलं बदक दात न लावता आणून द्यावं म्हणून ही जात घडवली. तिथल्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, तिला १९०३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे हा कुत्रा जगाशी बोलतो तो तोंडानं. त्यात भुकेची भर. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चारांतल्या एका लॅब्रॉडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्याला पोट भरल्याचा निरोप नीट पोचतच नाही. तेव्हा ‘बघा कसा बघतोय, उपाशी दिसतो’ असं कोणी म्हणालं तर विरघळू नका.

पायरी १ : पिल्लू कुठून आणि कधी

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला भारतात २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे. ‘पाच आठवड्यांचं आहे, लवकर सवय होईल’ म्हणणाऱ्याकडून उठून या. पिल्लाची आई समोर बघायला मागा. आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का ते विचारा, कारण खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा दोष या जातीत पिढीजात येतो. महापालिकेचा परवाना काढून ठेवा. आणि मोठा झालेला, कोणीतरी सोडून दिलेला लॅब्रॉडॉर घेता आला तर जरूर विचार करा. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो आणि कुरतडण्याचं वयही सरलेलं असतं.

पायरी २ : खाण्याचा डबा

सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्या. रोज सकाळी दिवसभराचं खाणं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून एका डब्यात भरा. मग ज्याला जे द्यावंसं वाटेल ते त्या डब्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. भांडण नको, चोरून देणं नको. आजोबा आता संध्याकाळी आधी झाकण उघडून बघतात, आणि आत काही उरलं नसेल तर काकडीची चकती कापतात. तीही तो तितक्याच आनंदानं खातो.

सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, पुढे दोन वेळा खाऊ घाला. किती ग्रॅम, ते कुत्र्याच्या अंगावरून ठरवायचं, तयार दाणेदार खाण्याच्या पाकिटावरच्या तक्त्यावरून फक्त सुरुवात करायची. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता त्या हाताला लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. अमेरिकेत ४८ लॅब्रॉडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. २००२ मध्ये निकाल आला. कमी खाणारे सरासरी १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांची संधिवाताची दुखणीही उशिरा सुरू झाली. आमच्या पहिल्या कुत्र्याची आठवण आली की मला हा आकडा आठवतो.

घरचं खाणं देणार असाल तर नुसता दूधभात किंवा वरणपोळी पुरत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियमचं गणित पशुवैद्याकडून बसवून घ्या. आणि हे जिन्नस त्याच्या तोंडापर्यंत पोचू देऊ नका:

- द्राक्षं, मनुका, बेदाणे. यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसादाचा शिरा आणि पंचखाद्य इथेच घात करतं.
- कांदा-लसूण, कच्चा असो की रश्श्यातला. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.
- चॉकलेट, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम.
- शिजवलेली हाडं. ती सुईसारखी टोकदार तुटतात.
- माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या.

पायरी ३ : तोंडाला काम द्या

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात. हिरड्या शिवशिवतात आणि चपलांचा बळी जातो. ओरडून उपयोग नाही. ओला फडका पिळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तो तुमच्यासमोर चघळायला द्या. तोंडात काही धरून आणलं की हिसकावू नका, हिसकावलं की तो गिळून टाकायला शिकतो. मोजे गिळून आतडं अडकल्यानं ऑपरेशन करावं लागतं, हे मनात ठेवा. त्याऐवजी अदलाबदल करा. डब्यातला एक दाणा नाकासमोर धरा, ‘दे’ म्हणा, वस्तू सुटली की दाणा द्या, आणि वस्तू निरुपद्रवी असेल तर तीही परत करा. आठवडाभरात ‘दे’ म्हटलं की तो ती तुमच्या हातात ठेवू लागेल. आणून देणं त्याच्या रक्तातच आहे.

नुसतं चालवून आणणं त्याला पुरत नाही. खोलीभर खाण्याचे दाणे लपवून हुंगत शोधायला लावा. पंधरा मिनिटांत तो असा थकतो की दुपारभर झोपतो.

पायरी ४ : आपलं हवामान

या कुत्र्याचा दुहेरी कोट, म्हणजे केसांचा दोन थरांचा अंगरखा, थंड पाण्यासाठी घडलेला आहे. उन्हाळ्यात तो भादरू नका. भादरलं तर ऊन थेट कातडीवर येतं आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज ब्रशनं गळके केस काढा. फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील. जोरजोरात धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणारी चाल दिसली तर उष्माघात समजा. आधी अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा, मग दवाखान्यात न्या. गार करायचं सोडून तसंच गाडीत घातलं तर वाटेतच तो हातचा जाऊ शकतो.

पावसाळ्यात पडलेल्या कानांत ओल राहते. भिजला की कान पुसा. आत वास किंवा तपकिरी मळ दिसला तर घरगुती तेल न घालता डॉक्टरांना दाखवा. गोचिडी बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या घडीत आणि गळपट्ट्याखाली शोधा. कुत्रा अचानक जेवेनासा झाला, मलूल पडला, हिरड्या फिकट दिसल्या तर गोचीड तापासाठी रक्त तपासा, ‘उद्या बघू’ नको. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो हा आजार पसरतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते.

पायरी ५ : लसी

सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढची मात्रा, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तिसऱ्या महिन्यानंतर. तोवर भटके कुत्रे फिरतात तिथे खाली सोडू नका, पार्व्हो या विषाणूच्या आजारानं दोन दिवसांत पिल्लू जाऊ शकतं. पण कडेवर घेऊन रिक्षा, मंदिराची घंटा, कुकरची शिटी हे सगळं दाखवा आणि ऐकवा. या वयात जे ओळखीचं होतं त्याची पुढे भीती राहत नाही. जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकानं.

पायरी ६ : म्हातारपण

सात-आठ वर्षांनंतर आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात. तो उठताना धडपडतो, आणि घरच्यांना वाटतं आळशी झाला. पाण्याच्या भांड्यापासून झोपायच्या जागेपर्यंत जुनी सतरंजी अंथरा, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी घाला. तळव्यांमधले केस कापा, नखं वाढू देऊ नका. गाडीत चढवताना छाती आणि मागचा भाग दोन्हींकडून आधार द्या, पुढच्या पायांना धरून ओढू नका.