इस्ट्रोजेन सुरू करण्याआधीची तयारी

पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते आणि कुणीतरी सांगतं, 'हार्मोन्स घे, बरं वाटेल.' हे हार्मोन म्हणजे मुख्यतः इस्ट्रोजेन, जे या काळात अंगात कमी होतं. बहुतेकींना बरं वाटतंही. पण डॉक्टरकडे जाण्याआधी एक कागद घेऊन बसा, कारण तिथे गेल्यावर नेमकं महत्त्वाचं तेवढंच सांगायचं राहतं.

सगळ्यात वर लिहा, गर्भाशय आहे की काढलंय. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. या दुसऱ्या गोळीने गुंगी येते, पोट फुगतं म्हणून तेवढीच परस्पर बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. त्रास होत असेल तर प्रकार किंवा वेळ बदलून मागा. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या क्रीमला सहसा ही जोडी लागत नाही.

त्याखाली जुनी दुखणी: स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार, कारण न कळता अंगावरून रक्त जाणं. आई-बहिणीला यातलं काही झालं असेल तर तेही. मग चालू औषधं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन यांनी इस्ट्रोजेनचा परिणाम कमी होतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिची मात्रा पुन्हा तपासावी लागू शकते. सिगारेट ओढत असाल तर तेही मोकळेपणाने लिहा. ब्लड प्रेशर मोजून न्या, शेवटची मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) कधी झाली ते शोधून ठेवा.

गोळी, पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) की जेल, हे स्वतःहून विचारा. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. पॅच आणि जेल त्वचेतून थेट रक्तात उतरतात, त्यामुळे गाठीचा धोका कमी. 2002 मध्ये या हार्मोन्सवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास फायद्यापेक्षा धोके जास्त दिसल्याने मध्येच थांबवला गेला आणि बायकांनी धसकाच घेतला. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि औषध गोळीतून दिलेलं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू करणाऱ्या निरोगी बाईचं गणित वेगळं असतं.

पॅच कमरेखाली, कोरड्या त्वचेवर, दर वेळी जागा बदलून लावा. स्तनावर कधीच नको. जेल लावल्यावर हात धुवा आणि ते सुकेपर्यंत लहान मुलाला जवळ घेऊ नका. चुकलेला डोस दुप्पट घेऊन भरून काढू नका.

एकच पोटरी सुजली, दुखू लागली, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली किंवा बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठा. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अंगावरून थोडं रक्त जाऊ शकतं. त्यानंतरही चालू राहिलं तर तपासून घ्या. आणि हो, पाळी पूर्ण गेली नसेल तर या उपचाराने गर्भ राहायचं थांबत नाही, त्याची सोय वेगळी करा.