ग्रुप लीडर झालात, आता पुढे? शाळेत असतानाच लीडरशिप स्टाईल कशी शिकायची आणि ती करिअरला कशी जोडायची

सगळ्यात आधी एक गोष्ट, ऑनलाइन "तुम्ही कुठल्या टाइपचे लीडर" अशा क्विझ मिळतात ना, त्या गंमत म्हणून करा पण त्यावरून स्वतःला शिक्का मारून घेऊ नका. स्टाईल म्हणजे काही ब्लड ग्रुप नाही, की एकदा कळला की आयुष्यभर तोच. समोर कोण आहे, काम काय आहे आणि वेळ किती उरलाय यावर ती बदलायची असते आणि हे बदलणं सरावाने येतं, आणि सरावाला शाळेसारखी जागा नाही कारण इथे चुकलं तर फार तर थोडे मार्क जातात, कोणाची नोकरी जात नाही.

थोडं मागचं सांगते. १९३९ मध्ये कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या तीन मानसशास्त्रज्ञांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या क्लबवर एक प्रयोग छापला. मुलं मुखवटे वगैरे बनवायची आणि त्यांचा लीडर असलेला मोठा माणूस कधी नुसते हुकूम सोडायचा, कधी सगळ्यांशी बोलून ठरवायचा, कधी पूर्ण मोकळं सोडून द्यायचा. हुकूमवाला समोर असताना काही गटांत काम जोरात व्हायचं, पण तो खोलीबाहेर गेला की धपकन खाली. जिथे बोलून ठरवलं होतं तिथे तो गेल्यावरही काम जवळपास तसंच चालू राहायचं. आणि मोकळं सोडलेल्या गटात कामापेक्षा टाइमपासच जास्त. मला यातला खोलीबाहेर जाण्याचा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण ही टेस्ट तुम्हालाही करता येते. प्रोजेक्टच्या मधेच एक दिवस तुम्ही नाही आलात तर काम पुढे सरकतं का? नसेल सरकत तर तुम्ही काम करून घेताय, पण टीम अजून बनलेली नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांचं लीडरशिपचं एक मॉडेल आहे, १९६९ सालचं, त्यातली मूळ कल्पना शाळेच्या प्रोजेक्टला एकदम फिट बसते. प्रत्येक मेंबरबद्दल दोनच प्रश्न विचारायचे, याला हे काम येतं का, आणि याला ते करायची तयारी आहे का. जिने व्हिडिओ एडिटिंग कधी केलेलंच नाही तिला "तू बघ गं कसं जमतंय ते" म्हणून सोडलं तर ती अडकणार, तिला शेजारी बसून एक एक स्टेप दाखवा. ज्याला येतं पण स्टेजवर बोलायची भीती वाटते त्याला हुकूम देऊन उपयोग नाही, त्याला विचारा कुठला भाग घ्यायला आवडेल आणि दोनदा प्रॅक्टिस करून घ्या. आणि जिला येतंही आणि करायचंही आहे, तिच्यावर सोपवून बाजूला व्हा, दर तासाला "झालं का?" असा मेसेज टाकू नका प्लीज, चांगली माणसं त्यानेच वैतागतात. म्हणजे एकाच ग्रुपमध्ये एकाच दिवशी तुम्ही तीन वेगवेगळ्या स्टाईल वापरणार, त्यात काही खोटेपणा नाही.

हुकूम द्यायचाच नाही असंही नाही हं. सबमिशन उद्या सकाळी आहे आणि फाइल उघडत नाहीये, तेव्हा मतदान घेत बसू नका, कोणी काय करायचं ते सरळ सांगा. फक्त ही वेळ दर वेळी येत असेल तर सुरुवातीचं प्लॅनिंग कच्चं आहे.

आता तो, जो काहीच करत नाही! प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. ग्रुप चॅटवर सगळ्यांसमोर त्याला सुनावू नका, एकट्याला गाठा आणि नेमकं बोला, "तू चौथी ते सातवी स्लाइड बुधवारपर्यंत देणार होतास, काय अडलंय?" आणि मग खरंच ऐका, कारण बऱ्याचदा घरी काहीतरी चालू असतं किंवा काम समजलेलंच नसतं आणि विचारायची लाज वाटत असते. मग काम लहान करून द्या, तारीख त्यालाच ठरवू द्या. तरी नाहीच केलं तर टीचरना सबमिशनच्या आधी सांगा, नंतर सांगितलं तर ती चुगली वाटते आणि त्याचा उपयोगही नसतो.

शांत मुलामुलींनी हे सगळं वाचून घाबरू नये. माईक धरणं म्हणजे लीडरशिप नाही. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्येच सर्व्हंट लीडरशिप मांडली, आधी सेवा मग नेतृत्व. कोण मागे पडलंय हे ज्याच्या लक्षात येतं, मीटिंगमध्ये काय ठरलं ते जी लिहून सगळ्यांना पाठवते, ते लीडच करतायत. आणि पहिल्या नोकरीत तर तुम्ही कोणाच्या तरी हाताखालीच असणार, त्यामुळे प्रत्येक वेळी लीडर होऊ नका, मुद्दाम दुसऱ्याला होऊ द्या आणि चांगला मेंबर कसा असतो ते शिका.

करिअरसाठी हे सगळं लिहून ठेवणं मस्ट आहे, नाहीतर दोन वर्षांनी इंटरव्ह्यूत "टीममध्ये अडचण आली तेव्हा काय केलं?" विचारलं की डोकं ब्लँक. फोनमध्ये एक नोट उघडा आणि प्रत्येक प्रोजेक्टनंतर चार ओळी टाका: परिस्थिती काय होती, माझ्याकडे काय काम होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. "मी ग्रुप लीडर होतो" यातून समोरच्याला काहीच कळत नाही. "दोन जण सोडून गेले, मी काम परत वाटलं, एकाला एडिटिंग शिकवलं आणि वेळेत दिलं" यातून सगळं कळतं. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्सने करिअरसाठी तयार असण्याची आठ कौशल्यं ठरवलीत, त्यात लीडरशिप एक, पण टीमवर्क, बोलणं-लिहिणं आणि नीट विचार करणं हीसुद्धा आहेत, आणि एका बऱ्या प्रोजेक्टमधून या चारही गोष्टींची उदाहरणं निघतात.

त्या नोटमध्ये फक्त स्वतःचं मत नको. काम संपल्यावर टीममधल्या दोघा-तिघांना विचारा, माझी कुठली गोष्ट मदतीची वाटली, कुठे मी जास्त लुडबुड केली, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करू. कोणी कडू बोललं तर तिथल्या तिथे सफाई देऊ नका, जसं बोलले तसं लिहून घ्या आणि पुढच्या प्रोजेक्टची कामं वाटण्याआधी ते एकदा वाचा.