माळ्याचं प्लाय पावसात उघडं राहणार असेल तर काय करायचं

आपल्याकडे लाकडी फ्लोअरिंग म्हटलं की सगळे वरच्या लॅमिनेटचा रंग बघत बसतात, त्याच्याखाली जे प्लाय असतं त्याचं कोणी विचारतच नाही. घणसोली, ऐरोली, खारघरच्या रो-हाउसमध्ये किंवा घोडबंदरला एमएस (लोखंडी) चॅनेलवर, कुठे कुठे सागाच्या वाशांवर, १८-१९ एमएमचं प्लाय टाकून माळा काढतात ना, त्याबद्दल लिहितोय. माळ्याची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनियर हा वेगळा विषय, तो आधी उरकून घ्या.

सगळ्यात आधी हे की छप्पर होईपर्यंत प्लाय टाकूच नका. कॉन्ट्रॅक्टर मे महिन्यात म्हणणारच की साहेब टाकून घेऊ, माणसांना उभं राहायला जागा होते. त्यांना परांची बांधून द्या, सेंटरिंगच्या जुन्या फळ्या टाकून द्या, पण प्लाय नको. मुंबईत मान्सून यायची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि परतायची ८ ऑक्टोबर, त्यात वळीव कधी येऊन झोडपेल सांगता येत नाही, म्हणजे पत्रा किंवा स्लॅब मेअखेर होणार नसेल तर सरळ दिवाळीच्या तोंडावर प्लाय टाकायचं ठरवा.

तरीही टाकायचंच असेल तर माल नीट घ्या. नुसतं 'वॉटरप्रूफ आहे' या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, शीटवर आयएसआय मार्क आणि आयएस ७१० (हे मरीन प्लायचं मानक) बघा, सोबत सीएम/एल म्हणजे लायसन्स नंबर असतो तो बीआयएस केअर अॅपवर टाकून तपासता येतो. यात फिनॉलचा गोंद असतो आणि तो ७२ तास उकळत्या पाण्यात टिकायला लागतो, पण टिकतो तो गोंद, लाकूड पाणी पितंच! त्यामुळे मरीन प्लाय आहे म्हणून निवांत पावसात ठेवलं असं चालत नाही.

पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते कडेने. शीट उभी धरून कड बघा, व्हिनियरचे थर दिसतील, त्यात एक आड एक थराचे रेषे कापलेल्या तोंडाने बाहेर आलेले असतात आणि तिथून पाणी वर ओढलं जातं. म्हणून कापाकापी झाली की त्याच दिवशी चारही कडांना प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात मारून घ्या, साइटवर नंतर पाइपसाठी भोक पाडलं तर त्या भोकाच्या कडेलाही. सुतार कंटाळा करतात, समोर उभं राहून करून घ्यायचं. दोन शीटमध्ये साधारण ३ एमएम फट सोडा, नाहीतर फुगल्यावर कडा एकमेकांना ढकलून उचलल्या जातात आणि मग लॅमिनेट टाकल्यावर पायाला ती उंची कायम लागते. स्क्रू स्टेनलेस नाहीतर गॅल्व्हनाइज्ड, साध्या काळ्या स्क्रूभोवती पावसात गंजाचं तपकिरी कडं उमटतं आणि तिथलं लाकूडही काळं पडतं. चॅनेलला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर, आधीच झालेला असू द्या.

आता ताडपत्री. लोक काय करतात, निळी ताडपत्री प्लायवर सपाट अंथरतात, वर विटा ठेवतात आणि विसरतात. त्याने उलट वाट लागते, कारण कुठूनतरी पाणी आत जातंच आणि मग बाहेर पडत नाही, चार दिवसांनी उचलली की खाली घामेजलेलं प्लाय आणि बुरशीचा वास. ताडपत्री प्लायपासून वर उचलून उतार देऊन बांधा, खाली हवा खेळली पाहिजे. इकडे पाऊस बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो त्यामुळे खिडक्या बसल्या नसतील तर त्या बाजूच्या खिडक्यांच्या मोकळ्या जागा आधी झाका. स्टोअर केलेल्या शीट्ससाठीही हेच, खाली बॅटन (लाकडी पट्ट्या) टाकून आडव्या रचा, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा, भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या की वाकतात.

पाणी साचलंच तर पाऊस थांबताच खराटा, वायपर घेऊन काढा, रात्रभर डबकं ठेवू नका. एकाच जागी सारखं साचत असेल तर तिथे ८-१० एमएमचं भोक पाडून पाणी खाली सोडा, भोकाची कड रंगवा, नंतर बुजवता येतं. भोक पाडायला लोकांचा जीव होत नाही, पण एका भोकापेक्षा फुगलेली शीट महाग पडते.

आणि पाणी फक्त आभाळातून येत नाही हो! गवंडी प्लॅस्टरवर निदान आठवडाभर पाणी मारणार, ते भिंतीवरून ओघळून थेट प्लायच्या कडेत जाणार, शिवाय प्लायवरच सिमेंटचा मसाला कालवणार. प्लॅस्टर, बाथरूमचं काम आणि गच्चीची पाणी भरून टेस्ट हे सगळं उरकल्यावरच प्लाय, एवढा क्रम जमला तरी अर्धी डोकेदुखी जाते.

सुकवण्याचं मात्र इथलं गणित वेगळं आहे. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड कितीही दिवस ठेवा, त्यातली ओल १६ टक्क्यांच्या आसपासच थांबते, ९० टक्क्यांना २० जवळ, म्हणजे जुलैत खिडक्या उघडून पंखा लावला तर वरचं ओलं जाईल पण पुढे काही सुकणार नाही. २० च्या वर बराच काळ राहिलं की कुजणारी बुरशी धरू शकते. म्हणून पिनवाला मॉइश्चर मीटर घ्या, खिळ्यासारख्या दोन पिना लाकडात दाबायच्या की आकडा येतो, पण मध्ये नाही, कडेला, जॉइंटवर आणि खालूनही मोजा. १२-१३ आल्याशिवाय लॅमिनेट नको. घाई असेल तर खिडक्या बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवा, नसेल तर ऑक्टोबर हीटची वाट बघा, तो फुकट आहे.

सुकल्यावर कडा थोड्या उचललेल्या असतील तर सँडर मारून सपाट होतात. पण बोटाने ठोकल्यावर पोकळ बद्द आवाज आला, किंवा वरचं व्हिनियर फुगा धरून सुटलं असेल, तर ती शीट काढून नवीन टाका, खिळे मारून दाबून ठेवू नका. आणि खालच्या खोलीचं जिप्सम सीलिंग सगळ्यात शेवटी बंद करा, तोपर्यंत प्लायची खालची बाजू उघडी राहते आणि कुठे ओल येतेय ते मान वर करून दिसतं.