शाळेत सुई-दोरा शिकवायला जाताना

पहिल्या दिवशी मी २० स्लाइड घेऊन गेले होते. शाश्वत डिझाइन म्हणजे काय, कापडाचे प्रकार, रंगचक्र, सगळं छान मांडलेलं. सातवीचा वर्ग, ४५ मुलं, ३५ मिनिटांचा तास. त्यातली २५ मिनिटं सुईत दोरा ओवण्यातच गेली. स्लाइड उघडल्याच नाहीत, आणि पुढे कधी लागल्याही नाहीत.

वस्त्रशास्त्र किंवा डिझाइन शिकून पुण्यातल्या शाळांमध्ये मुलांना टाकाऊ कापडातून वस्तू करायला शिकवण्याचं काम करू पाहणाऱ्यांनी सलग दोन तासिका मिळत असतील तरच होकार द्यावा. मोठ्या नेढ्याच्या सुया न्या. आत येताना आणि जाताना सुया मोजा. हो, दोन्ही वेळा.

कापड मी विकत आणत नाही. लक्ष्मी रोडच्या आसपासच्या बोळांत ब्लाउज शिवणारे कितीतरी शिंपी आहेत. चांगलं बोललं की पोतंभर चिंध्या देतात, वर चहाही विचारतात. पण त्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर निघतं. धागा चिमट्यात धरून जाळून बघायचा: सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे शिक्षकानेच करायचं, मुलांनी लांबून बघायचं. वर्गात सगळ्यात शांतता असते ती याच वेळी!

सुती का हवं? कारण डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं हे रंग पॉलिस्टरवर बसत नाहीत. सुतावरही नुसते उकळून टिकत नाहीत. माझी फजिती मात्र हळदीने केली. पहिल्या वर्षी सोपं म्हणून हळदीत पिशव्या रंगवल्या, पिवळ्याधमक. सोमवारी तीन पालकांचे फोन. पिशवी साबणाने धुतली तर लालभडक झाली, बाई कसला केमिकल रंग वापरता? हळद साबणातल्या अल्कलीने लाल होते आणि लिंबू पिळलं की परत पिवळी. मी हे बीएस्सीला शिकलेले, वर्गात जाताना विसरलेले. पुढच्या तासाला तेच प्रयोग म्हणून करून दाखवलं. आता दरवर्षी मुद्दाम करते, पण पिशवीवर नाही, चिंधीवर.

टिकाऊ रंगासाठी १०० ग्रॅम कोरड्या सुती कापडाला साधारण २० ग्रॅम हिरड्याची पूड, मग १५ ग्रॅम तुरटी, आणि त्यानंतर रंग. सूत तुरटी नीट धरून ठेवत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, मधला दुवा होतं. डाळिंबाच्या साली ज्यूसवाला फुकट देतो, फक्त दुपारी तीननंतर जा.

आता खरी कटकट. शाळेला हवं असतं प्रदर्शन. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली एका शाळेत मुलांनी बाजारातून नवं फेल्ट, नवी टिकली, नवा गोंद आणून भिंतीवरचे मोर केले. दुसऱ्या दिवशी सगळे मोर कचऱ्याच्या डब्याशेजारी उभे. तेव्हापासून माझी अट असते: वस्तू कुणासाठी आहे त्या माणसाचं नाव आधी सांगायचं, आणि दोन आठवडे त्याने ती वापरून परत आणायची. वस्तू परत आली की खरा डिझाइनचा तास सुरू होतो. कुठे उसवलं, कुठे मळलं, कुठे वापरलीच नाही.

पैशाचं थोडक्यात. तासिकेचा दर आणि सामानाचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या, नाहीतर कात्र्या तुमच्या पगारातून येतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना आहेत. हे दिवस भरायला शाळा बाहेरचे कारागीर शोधत असतात. नवख्यांनी तिथून आत शिरावं. सहलीचं विचारलं तर शिवाजीनगरची हातकागद संस्था सुचवा. १९४० पासूनची आहे, आणि सुती कातरणाचा कागद होताना पाहिला की मुलं चिंध्या टाकायच्या आधी विचारतात. केळकर संग्रहालयातली जुनी वस्त्रंही दाखवा, पण एका दालनातच. सगळं बघायला गेलात तर पोरं जेवणाच्या डब्याकडे वळतात.

गेल्या वर्षी एका मुलीने आजीच्या वॉकरला अडकवायची पिशवी केली. जुन्या चादरीची, एका बाजूला. पाण्याची बाटली ठेवली की वॉकर त्याच बाजूला ओढायचा. मग दोन खिसे, मधून पट्टी, खोगिरासारखी दोन्हीकडे. तीही वापरून परत आली, तर त्यावर चष्म्यासाठी तिसरा खिसा. आजींनी स्वतःच जुन्या लुगड्याचा लावला होता, आणि टाके आमच्यापेक्षा सरळ. पुढच्या बुधवारी त्यांना वर्गात बोलावलं. गोधडीचा धावदोरा त्यांनी शिकवला. मी मागच्या बाकावर बसून दोरे ओवून देत होते.