शाळेत इंग्रजी नाटक बसवताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत गॅदरिंगची गडबड सुरू होते, आणि हल्ली सेमी-इंग्लिश असो नाहीतर मराठी माध्यम, एक तरी इंग्रजी नाटक पाहिजेच असं हेडसरांचं म्हणणं असतं. चांगलंच आहे ते. पण नाटक संपल्यावर पालक म्हणतात, "पोरं गोड दिसली, बोलत काय होती ते काही कळलं नाही", आणि स्टेजवरच्या निम्म्या पोरांनाही ते कळलेलं नसतं. हे मला फार लागतं, कारण आठवी-नववीतल्या मुलाची इंग्रजीची भीती घालवायला नाटकाइतकं चांगलं साधन शाळेकडे दुसरं नाहीये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संवाद आधी रेकॉर्ड करून ठेवायचे आणि मुलांनी स्टेजवर नुसते ओठ हलवायचे. कारणं सगळ्यांना माहितीयेत, माइक नीट नसतात, पोरं विसरतात, मंडपात गोंगाट असतो. पण असं केलं की ज्यासाठी नाटक केलं तेच गेलं, मूल इंग्रजी बोललंच नाही. शिवाय ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, प्रेक्षक हसले तरी पुढचं वाक्य चालूच, एकाची एंट्री चुकली की पुढचे सगळे गडबडतात. त्यापेक्षा साउंडवाल्याला महिनाभर आधी गाठा आणि स्टेजच्या पुढच्या कडेला खाली दोन-तीन माइक किंवा वरून टांगलेले माइक मिळतात का बघा. स्टँडचा एकच माइक मधोमध ठेवला की प्रत्येक पात्र बोलायला तिथे चालत येतं आणि सीन तिथेच मरतो. तालीम ग्राउंडवर घ्या, शेवटच्या रांगेच्या जागी एक मुलगा बसवा आणि ऐकू आलं नाही की त्याने फक्त हात वर करायचा. आठवड्याभरात आवाज सुटतात, ओरडा म्हणून सांगावंही लागत नाही.

दुसरी चूक स्क्रिप्टची. नेटवरून अख्ख्या शेक्सपिअरचं वीस मिनिटांत उरकलेलं काहीतरी उतरवायचं, त्यात निवेदकच सगळी गोष्ट सांगतो आणि पात्रं फक्त येऊन जाऊन असतात. एकच सीन घ्या पण पूर्ण करा. 'ज्युलियस सीझर'मधला तिसऱ्या अंकातला भाषणांचा प्रवेश घ्या, त्यात जमाव आहे, एकेका ओळीचे नागरिक आहेत, म्हणजे पंधरा-वीस मुलांना तोंड उघडायला मिळतं आणि कानावर पडत राहतं ते वेगळंच. किंवा 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधले सहा कारागीर घ्या, ते बोलतात बऱ्यापैकी साध्या गद्यात आणि नाटकच बसवत असतात, त्यामुळे पोरांना लगेच आपलं वाटतं. त्यातला स्नग सुतार तर म्हणतो की सिंहाचा पार्ट लिहून तयार असेल तर आत्ताच द्या, मला पाठ व्हायला वेळ लागतो. वर्गातल्या बुजऱ्या मुलाला हा रोल देऊन बघा.

हक्कांचं पण बघून घ्या, हे कुणी बघतच नाही. भारतात लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळांना सूट आहे, विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग शाळेच्याच लोकांसमोर आणि पालकांसमोर असेल तर चालतं. पण तोच प्रयोग तिकीट लावून गावाला दाखवायचा तर सूट लागू होत नाही, परवानगी घ्यावी लागते. शेक्सपिअर 1616 लाच गेला, तिथे प्रश्नच नाही, फक्त आजच्या कुणी केलेलं रूपांतर असेल तर त्याचे हक्क त्या माणसाचे असतात.

आता मुख्य गोष्ट, पाठांतर. पहिल्याच दिवशी संवादाचे कागद वाटू नका. पहिले दोन-तीन दिवस सीन मराठीतच करू द्या, स्वतःच्या शब्दांत, कोण कुणावर का चिडलाय हे पोटात उतरलं की मग इंग्रजी ओळी द्या. मुलं वहीत ओळी देवनागरीत लिहून घेतात, त्यावर रागावू नका, पण कुठल्या शब्दावर जोर द्यायचा त्याखाली रेघ मारून घ्या. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो, इंग्रजीत तसं केलं की अर्थच सपाट होतो. "आय डिडन्ट से ही टूक द मनी" हे एवढंसं वाक्य घ्या आणि दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन म्हणायला लावा. 'आय' वर जोर दिला तर मी नाही म्हटलं, दुसऱ्या कुणी म्हटलं असेल, 'ही' वर दिला तर त्याने नाही, दुसऱ्या कुणी घेतले. पोरांचे डोळे चमकतात इथे. आणि कृपा करून खोटा ब्रिटिश ॲक्सेंट शिकवू नका, आपल्याच उच्चारात पण स्पष्ट आणि वाक्याचा शेवट न गिळता बोललं की बास. शेवटचा शब्द गिळणं हा आपल्याकडचा सगळ्यात कॉमन प्रॉब्लेम आहे, शेवटचा शब्द समोरच्या पात्राला नेऊन द्यायचा असं सांगितलं की बराच सुधारतो.

रोल देताना दर वर्षी तीच चार फाडफाड बोलणारी मुलं घेऊ नका. त्यांना यायचं तेवढं आधीच येतं.

तालमी वर्गात बाकं सरकवून होतात आणि खरं स्टेज ऐनवेळी बघायला मिळतं, मग सगळी पात्रं मधे गोळा होतात नाहीतर प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहतात. स्टेजचं माप आधी घ्या, जमिनीवर खडूने आखा, विंगा कुठे येणार तेही दाखवा. रंगीत तालीम लाइट, कपडे, प्रॉपर्टी सगळ्यासकट एकदा तरी झालीच पाहिजे. भाड्याचा ड्रेस सकाळी आला आणि तलवार म्यानातून निघेना, असं होतंच. ब्लॅकआउट कमी ठेवा, अंधारात पोरं धडपडतात आणि मंडपात शिट्ट्या सुरू होतात.

प्रयोगात कुणी अडकलंच तर विंगेतून पूर्ण वाक्य ओरडू नका, पहिले दोन शब्द पुरतात. त्याहून चांगलं म्हणजे तालमीत मुद्दाम एखादी ओळ गाळायला लावा आणि समोरच्याला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारून सीन पुढे न्यायची सवय लावा, "व्हॉट हॅपन्ड? टेल मी!" एवढं म्हटलं तरी अडकलेल्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि ओळ आठवते. हे ज्यांना जमतं त्यांना नंतर वर्गात डायलॉग रायटिंग वेगळं शिकवावं लागत नाही. गॅदरिंग झाल्यावरच्या आठवड्यात त्याच सीनचा पुढचा भाग त्यांनाच लिहायला द्या, सगळ्यांना, स्टेजवर नव्हते त्यांनाही.