टायमिंग बेल्ट का चेन, आणि बदलायची कधी?

टायमिंग बेल्ट किंवा चेन म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा पट्टा किंवा साखळी. सगळ्यात आधी आपल्या गाडीत बेल्ट आहे का चेन ते बघा, मॅन्युअलमधल्या मेंटेनन्सच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. जुनी मारुती ८००, सँट्रो झिंग, डिझेल डस्टर यांना रबरी बेल्ट, तर स्विफ्टच्या १.२ पेट्रोल आणि १.३ डिझेल दोन्हीला चेन. बॉनेट उघडल्यावर साइडला दिसतो तो अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) बेल्ट, टायमिंगचा कव्हरच्या आत असतो, यात खूप जणांचा घोळ होतो.

बेल्ट असेल तर मॅन्युअलमधला आकडा पाळायचा. साधारण ६०,००० ते १ लाख किमी किंवा ५-७ वर्षं, यातलं जे आधी होईल ते. हे "जे आधी होईल" लोक विसरतात, मी पण विसरलो होतो. माझी सेकंडहँड सँट्रो ९ वर्षांची, मीटरवर फक्त ४८ हजार, गॅरेजवाला म्हणाला अजून आरामात चालेल आणि मी ऐकलं. कात्रज घाट चढताना खट् झालं आणि इंजिन गप्प, आधी ना आवाज ना लाइट ना काही, आणि मी काय केलं तर दोन-तीनदा सेल्फ मारला. हे कधीच करू नका!! बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांना धडकतो, सेल्फ मारला की अजून धडकतो. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा व्हॉल्व्हवाला भाग, उतरवलं तर व्हॉल्व्ह वाकलेले. तो बेल्ट मी हातात घेऊन पाहिला, वरून चांगला काळाभोर, पण उलटा वाकवला की दर दोन दातांच्या मध्ये केसाएवढी चीर. रबर वयाने सुकतं, गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी. आणि हिंजवडीच्या सिग्नलला तासभर इंजिन चालू राहतं ते मीटरवर कुठे दिसतं? म्हणून पुण्यात तरी वर्षं मोजा.

चेनला असा ठरलेला आकडा बहुतेक वेळा नसतो. ती ऑइलमध्ये फिरते, ऑइल वेळेवर बदललं तर दीड-दोन लाख किमी सहज जाते, ऑइल घाण किंवा कमी असेल तर झिजून लांब होते. पण चेन सांगून जाते. सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड रोज येत असेल तर आधी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) बघा, ऑइल ठीक असूनही आवाज येतोय किंवा चेक इंजिन लाइट लागलाय तर थांबू नका, दाखवून घ्या.

बदलताना नुसता बेल्ट टाकू नका, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) सोबतच घ्या, वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तो पण, कारण मजुरी तेवढीच लागते. चेनचं असेल तर गाइड (चेन ज्यावरून सरकते त्या पट्ट्या) आणि टेन्शनरसकट. नाना पेठेतून, म्हणजे पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून, पार्ट आणणार असाल तर पार्ट नंबर जुन्याशी जुळवूनच पैसे द्या. आणि बसवून झाल्यावर मेकॅनिकला सेल्फच्या आधी इंजिन पान्याने हातानेच दोन फेरे फिरवायला सांगा, पुल्यांवरच्या टायमिंगच्या खुणा परत जुळल्या तरच चावी. मग तारीख आणि किमी एका स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा.